नव्या कृतीचे दुसरे वादन

सोलापुराहून विजापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, भीमेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर वसलेल्या मंद्रूपसारख्या गावी ज्यांचे कान तयार झाले, त्यांच्यापाशी पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफिलीचा विषय काढला की प्रथम एक संकोच आड येतो. ही वस्तू आपल्या मुलखाची नव्हे, ती कळण्यास लागणारी पूर्वतयारी आपल्यापाशी नाही, ज्यांनी लहानपणापासून पियानोच्या पट्ट्यांवर बोटे फिरवली त्यांच्याचसाठी ती राखून ठेवलेली आहे, अशी या संकोचाची कारणे सांगितली जातात. आणि ती सांगणारी माणसे सुजाण, रसिक आणि स्वतःच्या संगीताविषयी अत्यंत चोखंदळ असतात, म्हणून त्या कारणांची उपेक्षा करून चालत नाही. मला मात्र निश्चित असे वाटते की, ज्या कानांनी संक्रांतीच्या दिवसांत सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांपुढील वाद्यांचा गजर ऐकला आहे, मराठी अभंग आणि कानडी वचने सारख्याच ओढीने ऐकली आहेत, आणि हिंदी-मराठी चित्रपटगीतांमागे वाजणाऱ्या तंतुवाद्यांचा भरगच्च नाद नकळत आत्मसात केला आहे, ते कान या मैफिलीस पुरेसे आहेत. उणीव आहे ती केवळ थोड्या माहितीची, आणि ती येथे पुरविता येईल.

अशा मैफिलीची रचना बहुधा ठरलेली असते. आरंभी आठ-दहा मिनिटांची एखादी प्रस्तावना, मग कॉन्चेर्टो, मग मध्यंतर आणि उत्तरार्धात सिम्फनी. सिम्फनी ही सबंध वाद्यवृंदाची रचना, बहुधा चार भागांची. तीत कोणी एक मुखत्यार नसतो, एखादे वाद्य चार क्षण पुढे येते, आपले म्हणणे मांडते आणि पुन्हा समुदायात मिसळून जाते. कॉन्चेर्टोत याच्या उलट एक वादक इतरांपासून निराळा होऊन वृंदसंचालकाशेजारी, श्रोत्यांच्या अगदी समोर येतो आणि सगळ्या वृंदाशी कधी संवाद, कधी विवाद करतो. आता पूर्वार्धात आपल्या काळातील एखादा चेलो कॉन्चेर्टो आणि उत्तरार्धात बेथोव्हेनची सिम्फनी अशी जोडी व्यवस्थापक का जुळवितात, याचे व्यवहारी उत्तर सोपे आहे: तिकिटे बेथोव्हेनच्या नावावर खपतात, आणि अपरिचित कृती अगोदर ठेवली म्हणजे श्रोता उत्तरार्धाच्या ओढीने बसून राहतो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्या कृतीस आज आपण अभिजात म्हणतो तीही एका सायंकाळी नवी, अपरिचित आणि कित्येकांस त्रासदायक अशीच होती. ती अभिजात झाली ती पहिल्या वादनाने नव्हे, तर दुसऱ्या, दहाव्या, शंभराव्या वादनाने. नव्या कृतीस जुन्या कृतीशेजारी बसविण्यात तिला त्या मार्गावर आणून सोडण्याची तजवीज असते.

वादक रंगमंचावर येऊन बसले म्हणजे प्रथम एक वाद्य एकच स्वर लांबवर धरते आणि इतर सर्व वाद्ये त्या स्वराशी आपापल्या तारा व नळ्या जुळवून घेतात. ते वाद्य ओबो. बोरूच्या दोन पातळ पात्या एकमेकींवर बांधून केलेल्या पत्तीतून फुंकर घालून ते वाजवितात, आणि म्हणून सनईचे ते सख्खे नातलग आहे. सोलापूर जिल्ह्यातील वाचकास तर हे नाते अधिकच जवळून कळावे. कारण सनईहून लहान, तिच्याहून तीक्ष्ण आणि तरीही अतिशय मधुर अशी सुंदरी हे वाद्य सोलापूरच्या जाधव घराण्याने जोपासले व मैफिलीत आणून बसविले. ज्याने सुंदरी ऐकली आहे त्याला पन्नास-साठ वाद्यांच्या गर्दीतून ओबोचा आवाज वेगळा काढता येतो. आणि वृंदातून एक आवाज वेगळा काढता येणे, ही ऐकण्याची पहिली पायरी होय.

पण आपल्या मुलखात हा वाद्यवृंद आला कसा, हे आधी पाहिले पाहिजे, कारण त्याची हकीकत आपल्या लोकांची हकीकत आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडलेल्या शाळा असत आणि त्या शाळांत मेस्त्र, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन वाचावयास, गावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. हेतू प्रार्थनासंगीताचा बंदोबस्त एवढाच होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, मुंबई इलाख्याच्या दाराशीच कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणाऱ्या तरुणांच्या पिढ्यांमागून पिढ्या तयार झाल्या. शेतीत निभाव लागेना तेव्हा ही मंडळी मुंबईस आली, बँडांत रुजू झाली, मूकपटांच्या पडद्यापुढे वाजवू लागली, हॉटेलांतील नृत्यसंगीतात शिरली आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत पोहोचली.

त्याच मुंबईत, पारशी समाजात, मेहली मेहता नावाचे एक व्हायोलिनवादक होते. १९०८ साली जन्मलेल्या आणि बहुतांशी स्वतःच्या कष्टाने विद्या मिळविलेल्या या गृहस्थांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पारशी, गोव्याचे ख्रिस्ती आणि युरोपात सुरू झालेल्या छळातून सुटून आलेले ज्यू वादक अशा मिश्र मंडळींकडून त्यांनी हैडन, मोझार्ट, बेथोव्हेन यांच्या सिम्फनी बसवून घेतल्या. त्यांचा मुलगा झुबिन, जन्म १९३६ चा, घरातल्या या तालमी ऐकतच वाढला. १९५४ साली तो व्हिएन्नास शिकावयास गेला आणि पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क व इस्राएल येथील वाद्यवृंदांची धुरा त्याने अनेक वर्षे वाहिली. झुबिन मेहता यांचे नाव जगभर झाले हे सर्वांस ठाऊक असते. ज्या वडिलांनी श्रोते, वादक, पैसा आणि वाद्ये या चारही गोष्टींची टंचाई असताना आपल्या शहरात सिम्फनी वाजविली त्यांचे नाव मात्र थोड्यांना ठाऊक असते, आणि ही गोष्ट मला न्याय्य वाटत नाही.

दुसरे नाव आहे ॲन्थनी गोन्साल्विस यांचे. १९२७ साली गोव्यातील माजोर्डा येथे जन्मलेले हे व्हायोलिनवादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीतसंयोजक झाले. प्यारेलाल शर्मा त्यांचे शिष्य, आणि १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात त्यांचे नाव गुंफून प्यारेलाल यांनी गुरुदक्षिणाच दिली. गोन्साल्विस यांच्या मनात रात्रंदिवस एकच विचार असे: हिंदुस्थानी रागाची प्रकृती न मोडता ती मोठ्या वाद्यवृंदाच्या अंगाखांद्यावर कशी खेळवावी. १९५८ साली त्यांनी स्वतःची पदरमोड करून वाद्यवृंद उभारला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात मैफल केली. गाण्यास लता मंगेशकर आणि मन्ना डे, आणि कार्यक्रमात राग सारंगावर बांधलेल्या कॉन्चेर्टोसारख्या त्यांच्या स्वतःच्या रचना. ज्यांचे वडील मास्टर दीनानाथ गोव्याच्या मंगेशीचे, त्या लताबाई एका गोवेकराच्या सिम्फनी-मैफिलीत गायल्या, ही घटना आपल्या संगीताच्या इतिहासात ठळक अक्षरांनी नोंदविली जावयास हवी होती. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेस गेले, पुढे परत येऊन माजोर्ड्यास एकांतात राहिले आणि २०१२ साली तेथेच वारले. त्यांच्या वृंदरचना नेहमीच्या वादनात रुजल्या नाहीत. त्यांना पहिले वादन लाभले. दुसऱ्याची परंपरा लाभली नाही.

तथापि स्टुडिओंत त्यांच्या जातभाईंचे काम चालूच होते. संगीतकार चाल गुणगुणे आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखा संयोजक ती ऐकून व्हायोलिन, व्हायोला, चेलो अशा प्रत्येक गटासाठी वेगळा मजकूर लिहून काढी. गायिकेचा स्वर वर चाललेला असताना खालून चेलोंची एक निराळी, संथ, उलट दिशेने जाणारी ओळ वाहत असे. राहुलदेव बर्मन यांचे सहायक बासुदेव चक्रवर्ती हे तर स्वतः चेलोवादकच होते. म्हणजे मंद्रूपच्या एखाद्या घरात आकाशवाणीवर शंकर-जयकिशन यांचे गाणे लागे, तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानी चेलो पडतच असे. त्याचे नाव कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

आता सिम्फनीकडे वळू. नमुन्यादाखल बेथोव्हेनची सातवी घेतो, कारण नव्या कॉन्चेर्टोच्या जोडीला ती अतिशय शोभते. १८११-१२ या काळात ती लिहिली गेली आणि ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्ना विद्यापीठाच्या सभागृहात, हानाऊच्या लढाईत जखमी झालेल्या सैनिकांच्या साह्यार्थ झालेल्या मैफिलीत प्रथम वाजली. बहिरेपण वाढत चाललेला बेथोव्हेन स्वतः संचालन करीत होता. त्या रात्री लोकांनी सर्वांत अधिक डोक्यावर घेतले ते वेलिंग्टनच्या विजयावरील त्याच्या तोफा-बंदुकांच्या गडगडाटी रचनेस, जी आज क्वचितच कोणी वाजवितो. पण सिम्फनीचा दुसरा भाग ऐकून श्रोत्यांनी तो तेथल्या तेथे पुन्हा वाजवावयास लावला. त्या भागात एकच लयाकृती आरंभापासून अखेरपर्यंत चालते: एक दीर्घ, दोन लघु, दोन दीर्घ. गणवृत्ते म्हणत वाढलेल्या मराठी माणसास ही आकृती समजावून सांगण्याची गरजच नाही. ती ऐकताक्षणी त्याच्या जिभेवर येते. ही आकृती प्रथम व्हायोला, चेलो आणि डबल बास ही खालच्या आवाजाची वाद्ये अगदी हलक्या आवाजात मांडतात. मग ती व्हायोलिनांकडे जाते, आणि ती तेथे गेली की व्हायोला व चेलो तिच्याखाली दुसरी एक लांब, वेदनामय ओळ गाऊ लागतात. पहिल्यापेक्षा ही दुसरी ओळच मनात अधिक रुतते. ज्याने उत्तरार्धातील सिम्फनीत चेलोंच्या गटाची ही ओळ लक्ष देऊन ऐकली, त्याला पूर्वार्धातील एकट्या चेलोचे धैर्य मागाहून का होईना, पण नीट समजते. समुदायात राहून जे वाद्य आधार देण्याचे काम करते, त्यालाच तेथे सर्वांसमोर एकटे बसविलेले असते.

हे वाद्य मोठे विलक्षण आहे. व्हायोलिनच्याच कुळातले, पण त्याचे नुसते धड सुमारे पाऊण मीटर लांब. वादक बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो आणि तळाशी असलेली लोखंडी खुंटी जमिनीवर रोवतो. ही खुंटी सर्रास वापरात आली ती एकोणिसाव्या शतकात. त्यापूर्वी वादक ते पोटऱ्यांच्या पकडीत तोलून धरीत. तारा चार, आणि प्रत्येक तार आपल्या खालच्या तारेच्या पंचमावर लावलेली. व्हायोलिनला आपल्याकडे दक्षिणेत दोन शतकांपूर्वीच घर मिळाले, चेलोला मात्र अलीकडे कोठे ते मिळू लागले आहे. मूळच्या हॉलंडच्या आणि दिल्लीत स्थायिक झालेल्या सास्किया राव यांनी तरफांच्या तारा बसवून, आकार लहान करून आणि जमिनीवर बसून वाजविता येईल अशी योजना करून हिंदुस्थानी रागसंगीताचा चेलो सिद्ध केला. चेलोचे सामर्थ्य हे की, पुरुषाच्या खर्जापासून स्त्रीच्या तारसप्तकापर्यंतचा मनुष्यकंठाचा सगळा प्रदेश त्याच्या ताब्यात आहे. आणि नेमकी तीच त्याची अडचण. वाद्यवृंदाचा नाद ज्या मध्यभागात सर्वांत दाट असतो तेथेच चेलोचे घर असल्यामुळे, व्हायोलिन जसे सर्वांच्या वर जाऊन सहज ऐकू येते तसे चेलोचे होत नाही. पुरुषभर उंचीच्या उभ्या मालदांडी ज्वारीत शिरलेल्या माणसासारखी त्याची गत होते, धाटे हलताना दिसतात, माणूस दिसत नाही.

म्हणूनच थोरथोर रचनाकार या कामापासून दूर राहिले. मोझार्टचा किंवा बेथोव्हेनचा एकही चेलो कॉन्चेर्टो आज आपल्यापाशी नाही. हैडनने मात्र लिहिले, आणि त्यांतील सी मेजरमधील कॉन्चेर्टोची कथा तर दफ्तरखान्यांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. १७६० नंतरच्या चार-पाच वर्षांत लिहिलेली ही कृती होती एवढे हैडनच्या स्वतःच्या यादीतील आरंभीच्या सुरावटीवरून ठाऊक होते, पण प्रत सापडत नव्हती. १९६१ साली प्राग येथील राष्ट्रीय संग्रहालयात, एका सरदारघराण्याच्या वाड्यातून आलेल्या कागदांमध्ये, ओल्द्रिख पुल्कर्ट या संशोधकाच्या हाती वादकांसाठी उतरून ठेवलेल्या तिच्या नकला लागल्या, आणि १९६२ च्या मे महिन्यात मिलोश साद्लो यांनी ती प्रागमध्ये वाजविली. शाईने लिहिलेल्या त्या नकला कोणा कारकुनाने जपून बांधून ठेवल्या नसत्या तर आज जगातील प्रत्येक चेलोवादक ज्या कृतीवर आपली तालीम करतो ती अस्तित्वातच नसती. सुमारे दोनशे वर्षांची जुनी कृती, आणि श्रोत्यांच्या दृष्टीने १९६२ सालची नवी! जुने आणि नवे यांची जी वाटणी आपण इतक्या विश्वासाने करतो तिच्यावर या एका दाखल्याने पुष्कळ प्रकाश पडतो.

द्वोर्झाकने १८९४-९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मुक्कामात आपला कॉन्चेर्टो लिहिला, आणि वृंद केव्हा बोलावा व केव्हा गप्प बसावा याचा असा काही हिशेब त्याने बसविला की, चेलो कोठेही दबला जात नाही. बासरी किंवा क्लॅरिनेट असे एखादेच वाद्य त्याच्याशी बोलत असते, आणि वृंदाचे पूर्ण बळ त्याच्या विश्रांतीच्या जागी प्रकट होते. परंतु या प्रकरणाच्या दृष्टीने एल्गारच्या कॉन्चेर्टोचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. २७ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये तो प्रथम वाजला. त्याच कार्यक्रमात बोरोदिनची सिम्फनी आणि स्क्रियाबिनची एक प्रचंड रचना दुसऱ्या संचालकाच्या हाती होती, आणि त्यानेच तालमीचा बराचसा वेळ खाल्ल्यामुळे नव्या कॉन्चेर्टोस पुरेशी तालीम मिळालीच नाही. वादन इतके ढिसाळ झाले की वृत्तपत्रांनी वृंदाची हजेरी घेतली आणि कृती मागे पडली. जोडकार्यक्रमात नव्या कृतीवर असा अन्याय आजही होतो; परिचित सिम्फनी वृंदाच्या बोटांत बसलेली असते, खरी तालीम नव्याला हवी असते, आणि घड्याळ मात्र दोघांसाठी एकच असते. त्या फसलेल्या रात्री चेलोंच्या रांगेत बसून वाजविणाऱ्यांत जॉन बार्बिरोली नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याने ती कृती सोडली नाही. १९२१ साली त्याने स्वतः ती एकल वादक म्हणून वाजविली, आणि १९६५ साली, आता वृंदसंचालक म्हणून विख्यात झालेल्या त्याच बार्बिरोलींच्या हाताखाली वीस वर्षांच्या जॅकलिन द्यू प्रे हिने तिचे ध्वनिमुद्रण केले. कृतीस तिचा खरा श्रोतृवर्ग मिळाला तो त्या ध्वनिमुद्रणामुळे, लिहिल्यानंतर छेचाळीस वर्षांनी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेलोला जे अपूर्व वैभव आले त्याचे श्रेय मुख्यतः एका माणसाचे. रशियन चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच, १९२७ ते २००७. रचनाकारांच्या मागे लागून त्याने शंभराहून अधिक नव्या कृती लिहवून घेतल्या आणि प्रथम वाजविल्या. शोस्ताकोविचने १९५९ साली आपला पहिला चेलो कॉन्चेर्टो त्याच्या हाती दिला तेव्हा त्याने चार दिवसांत तो मुखोद्गत केला. त्याच्यासाठी लिहिलेल्या कृतींपैकी पोलंडच्या वितोल्द लुतोस्लाव्स्कीचा, १४ ऑक्टोबर १९७० रोजी लंडनमध्ये प्रथम वाजलेला कॉन्चेर्टो मला या जोडीसाठी सर्वांत योग्य वाटतो. वृंद स्तब्ध बसलेला असतो. चेलोवादक एकटाच, मोकळ्या तारेवर, एकच स्वर सेकंदा-सेकंदाच्या अंतराने वाजवीत राहतो. जोर नाही, भावना नाही, आणि रचनाकाराची सूचनाच अशी की हे उदासीनपणे वाजवावे. मधूनच त्याचे मन दुसरीकडे जाते, लहानसहान कल्पना सुचतात, तो त्यांच्या मागे चार पावले जातो आणि पुन्हा त्या एका स्वराशी येऊन थांबतो. ज्यांनी तंबोऱ्याच्या षड्जावर परत येणारा आलाप ऐकला आहे त्यांना ही चार-एक मिनिटे मुळीच परकी वाटू नयेत. मग एकाएकी तुताऱ्या कठोर आवाजात त्याला अडवितात. येथून पुढे कृतीत सतत हाच मामला चालतो: चेलो एकेका वाद्याशी बोलणे सुरू करतो, त्याला संगत मिळू लागते, आणि पितळी वाद्ये हुकूम सोडावा तशी मध्ये पडून ते बोलणे रद्दबातल करतात. द्वोर्झाकने चेलो दबू नये म्हणून वृंदास आवरले. लुतोस्लाव्स्कीने दबणे आणि दाबणे हाच कृतीचा विषय केला, आणि वाद्याच्या जन्मजात अडचणीचे त्याने नाट्य करून टाकले. रोस्त्रोपोविचने त्या काळी सरकारच्या रोषास पात्र झालेला लेखक सोल्झेनित्सिन याला आपल्या घरी आसरा दिला होता आणि सोव्हिएत हुकुमतीची त्याच्यावर वक्र दृष्टी होती. म्हणून त्याने या कृतीत एकट्या माणसाची सत्तेविरुद्धची फिर्याद ऐकली. रचनाकाराने असा राजकीय अर्थ लावण्यास उत्तेजन दिले नाही. श्रोत्यास दोन्ही मते ठाऊक असावीत आणि मग त्याने आपल्या कानांचा कौल घ्यावा.

याच कृतीत आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या श्रोत्यास विशेष जवळची वाटेल. काही जागी लुतोस्लाव्स्कीने स्वर लिहून दिले आहेत, पण ते कोणत्या गतीने वाजवावयाचे याची मुभा प्रत्येक वादकास दिली आहे. संचालक केवळ आरंभाची खूण करतो आणि वीस वादक वीस गतींनी तोच मजकूर वाजवितात. लिहिलेले आणि मोकळे सोडलेले यांची ही सांगड नवी नव्हे. मोझार्टच्या काळी कॉन्चेर्टोच्या एखाद्या भागाच्या अखेरीकडे वृंद थांबे आणि एकल वादक आपल्या बुद्धीने विस्तार करून दाखवी. त्याला काडेन्झा म्हणतात. पुढे रचनाकार तोही लिहून देऊ लागले आणि उपज मागे पडली. आपल्याकडे ती कधीच मागे पडली नाही, आणि म्हणून कॉन्चेर्टोच्या इतिहासात आपल्याला काही भर घालता येईल अशी आशा बाळगण्यास जागा होती.

ती आशा मुंबईतच फळास आली. नरिमन पॉइंट येथे समुद्राच्या काठी, जमशेद भाभा यांच्या प्रयत्नाने १९६९ साली स्थापन झालेले राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्र आहे, डॉ. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या मराठी संगीतज्ञाने तेथे अनेक वर्षे काम केले. या केंद्राचे खुशरू सनटूक यांनी लंडनमध्ये मरात बिसेनगालिएव्ह या कझाक व्हायोलिनवादकाचे वादन ऐकले, आणि त्या ओळखीतून २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वृंद जन्मास आला. आरंभी आणि पुढेही त्यात कझाकिस्तानचे व अन्य देशांचे वादक फार, आपले थोडे, अशी स्थिती होती, आणि तिच्याबद्दल तक्रार करणारे पुष्कळ होते. परंतु केंद्राने मुलांसाठी कसून शिक्षण देणारी शाळाही चालविली, आणि माझ्या मते या खटाटोपाचा तोच सर्वांत टिकाऊ भाग ठरावा. गोव्याच्या मेस्त्रांनी जे केले ते दुसऱ्या रीतीने पुन्हा करावयाचे आहे.

या वृंदासाठी झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ हा तबला आणि वाद्यवृंद यांचा कॉन्चेर्टो लिहिला व सप्टेंबर २०१५ मध्ये झेन दलाल यांच्या संचालनाखाली तो मुंबईत प्रथम वाजला. पुढे स्वित्झर्लंड आणि ब्रिटन येथील दौऱ्यांतही वृंदाने तो नेला. एकल तबलावादनाचा आरंभ ज्या संथ, विस्तारक्षम प्रकाराने करतात त्याचेच नाव या कृतीस दिलेले आहे. वाद्य चेलो नव्हे, तबला. पण पेच तोच, किंबहुना अधिक बिकट. चेलो निदान वृंदाच्या घरातला. तबल्याला वृंदात नातलग नाही, त्याची बढत आवर्तनात फिरते तर सिम्फनीची वाटचाल सरळ पुढे जाते, आणि त्याच्या वादकाचा सारा अभिमान त्या क्षणी सुचलेल्या गोष्टीवर असतो, तर समोर बसलेल्या साठ-सत्तर माणसांपुढे छापील कागद असतो. रविशंकर यांनी १९७१ साली सतारीसाठी लंडन सिम्फनीबरोबर, आणि १९८१ साली झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर, हाच प्रश्न सोडविण्याचा यत्न केला होता. दुसऱ्या यत्नात संचालक मुंबईचाच होता हे विसरू नये.

सोलापुराहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेला माणूस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, आणि तेथून हे केंद्र फार दूर नाही. फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास वृंदाचे हंगाम असतात. जाणाऱ्याने इतकेच ध्यानी ठेवावे की, सिम्फनीचे भाग सुटे सुटे वाजले तरी टाळी अखेरीस द्यावयाचा रिवाज आहे. हा रिवाज काही सनातन नव्हे. बेथोव्हेनच्या श्रोत्यांनी दुसऱ्या भागानंतर टाळ्यांचा गजर करून तो पुन्हा वाजवून घेतला होता. नव्या कॉन्चेर्टोविषयी आधी चार ओळी वाचून जाव्यात आणि शक्य तर तो पुन्हा ऐकण्याची संधी शोधावी, कारण अपरिचित रचनेविषयी पहिल्या श्रवणाने केलेला निवाडा १८१३ सालीही चुकला होता आणि १९१९ सालीही.

१५ डिसेंबर २०२४ रोजी झाकीर हुसेन गेले. त्यांच्या हातासाठी, त्यांच्या बुद्धीसाठी बेतलेली ती कृती आता अशा जागी आली आहे जेथे एल्गारची कृती १९१९ च्या त्या रात्रीनंतर होती आणि गोन्साल्विस यांच्या रचना १९५८ नंतर होत्या. वृंदाचे कागद आहेत. तबल्याचा जो भाग वादकाच्या सुचण्यावर सोडलेला असेल तो दुसऱ्या कोणास तरी स्वतः सुचवावा लागेल, झाकीरभाईंची नक्कल न करता. आणि त्यासाठी अशा तबलावादकाची गरज आहे ज्याला छापील कागदावरील मात्रा मोजता येते, संचालकाच्या काठीकडे पाहत सम गाठता येते, आणि तरीही मधल्या जागेत मोकळे राहता येते. पंजाब घराण्याच्या, फरुखाबादच्या, पुण्या-मुंबईच्या कितीतरी तरुण वादकांपाशी यातील पहिल्या दोन गोष्टी शिकून घेण्याइतकी बुद्धी निश्चित आहे. त्यांच्यापैकी कोणी ही दरखास्त घेऊन केंद्राच्या दाराशी गेला, तर उत्तरार्धात बेथोव्हेनची सातवी ठेवावी, आणि तालमीचा मोठा वाटा पूर्वार्धास द्यावा.